बघायचे पैसे

मी गाडी बघायचे तीनशे रुपये घेतो. काम निघो, न निघो. पारोळ्यात माझं नाव यावरून थोडं खराब आहे. आठवड्यातून दोनतीनदा तरी वाद होतो आणि वादाचं वाक्य ठरलेलं असतं : ‘काहीच टाकं नही, मंग पैसा कसाना?’ काही टाकलंच नाही, तर पैसे कशाचे.

‘टाकणं’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वजनदार क्रियापद. ऑइल टाकलं, पॅड टाकले, डिस्क टाकली. टाकलेल्या वस्तूचे पैसे गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, देतं. जी वस्तू टाकायची गरज नव्हती ती वाचवली, तर त्याबद्दल फार तर एक चहा. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे ब्रेक मारताना ज्या गाड्या थरथरतात, त्यातल्या कितीतरी या एका सवयीमुळे वर्षानुवर्षं थरथरत राहतात. आणि सवय मेकॅनिकनी लावलेली नाही. ती गिऱ्हाइकांनी लावली, मेकॅनिकनी तिच्यावर मजले चढवले.

मी स्वतः मेकॅनिक आहे, म्हणजे या वादात माझा फायदा आहे. तो धरून वाचा.

थरथर कुठली, ते आधी सांगतो. धुळ्याहून येताना तुम्ही ऐंशी-नव्वदनं चालला आहात. फागण्याच्या पुढे कुठेतरी उलट्या बाजूनं ट्रॅक्टर येतो, तुम्ही ब्रेक दाबता. पंच्याऐंशीच्या खाली काटा उतरतो आणि स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. साठच्या खाली आलं की शांत. ब्रेक न दाबता त्याच वेगाला काही होत नाही; होत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही. पण ब्रेकवरच होत असेल तर अमळनेरपासून चाळीसगावपर्यंत कुठल्याही गॅरेजात गाडी न्या, गाडीतून उतरायच्या आधी निदान मिळतं : ‘डिस्क वाकली.’ चाक काढलेलं नसतं. पोरगा दुकानात पळालेला असतो.

डिस्क बिडाची असते. रोजच्या ब्रेकच्या उष्णतेनं ती पापडासारखी वाकत नाही. कॅरोल स्मिथ नावाचा रेसिंग गाड्यांवर काम करणारा एक अमेरिकन इंजिनिअर होता, त्यानं या ‘वाकलेल्या डिस्क’च्या समजुतीवर लेखच लिहून ठेवला आहे. खरं जे होतं ते असं : पॅडचा माल डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटतो. किंवा डिस्क बसवताना खालच्या हबचा गंज घासून काढलेला नसतो, डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेरीला एकाच जागी पॅडला चाटून जाते आणि हळूहळू तिथे झिजते. दोन्हीचा परिणाम एकच. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. आणि फरक किती? डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. डिस्कच्या जाडीत पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक पडला तरी तो हाताला जाणवू शकतो. केसाचा चौथा हिस्सा.

आता इथे थांबून कुणीतरी विचारायला हवं, आणि कुणी विचारत नाही : एवढासा फरक तर वापरलेल्या पुष्कळ डिस्कमध्ये असतो. मग सगळ्यांची स्टिअरिंगं का नाचत नाहीत?

कारण मधे रबर आहे. तुमच्या गाडीचं पुढचं चाक खालून एका लोखंडी हातानं धरलेलं असतं, त्याला लोअर आर्म म्हणतात. हा हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडला जातो तिथे बहुतेक लहान गाड्यांमध्ये दोन बुश असतात, एक पुढे, एक मागे. बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे दोघांना चिकटवून ओतलेलं रबर. बांगडीत बांगडी आणि मधली जागा रबरानं भरलेली, असं समजा. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ओढतो, गाडी पुढे जाऊ बघते. ही ओढाताण प्रामुख्यानं मागचा बुश सोसतो. तो धडधाकट असेल तर डिस्कमधला केसभर फरक रबरातच विरतो. तो फाटला असेल, तर लोअर आर्म पुढेमागे खेळायला लागतो, चाक त्याच्याबरोबर हलतं, चाकाला लागलेला टाय रॉड हलतो, आणि टाय रॉडच्या दुसऱ्या टोकाला तुमचे हात आहेत.

मग ते पंच्याऐंशी ते साठमध्येच का? हे समजायला आखाजी आठवा. लिंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो. झोक्याला स्वतःची एक लय असते. तिच्याशी जुळवून नुसतं बोटानं ढकललं तरी झोका आभाळाला लागतो. अवेळी कितीही जोर लावला तरी अडखळतो. लहान गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला जवळपास बारा फेऱ्या. दर फेरीला डिस्कचा जाड भाग पॅडमधून जातो आणि एक बारीक धक्का देतो. सेकंदाला बारा धक्के. बुशवर टांगलेल्या चाकालाही पुढेमागे डुलण्याची स्वतःची लय असते, आणि ढिल्या बुशला तो डोल आवरत नाही. धक्क्यांची लय आणि डोलण्याची लय जुळली की केसभर फरकाचा झोका होतो. वेग उतरला की लय मोडते आणि सगळं थांबतं.

म्हणजे ढकलणारा हात डिस्कचा, आणि झोका मोकळा सोडणारा बुश.

यातून धंद्याला सगळ्यात सोयीची गोष्ट निघते, ती सांगण्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो. नवी डिस्क टाकली की थरथर थांबते. खरंच थांबते. नवीन डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असते, ढकलणारा हातच उरत नाही. गिऱ्हाईक धुळ्यापर्यंत चक्कर मारून येतं, खूश होतं, पैसे देतं. फाटलेला बुश तिथेच असतो. चार महिने, सहा महिने जातात, डिस्कवर पुन्हा केसभर फरक तयार होतो आणि झोका पुन्हा सुरू. तोपर्यंत गिऱ्हाइकाच्या मनात पक्कं बसलेलं असतं की रोग डिस्कचाच, मागच्या वेळी डिस्कनंच बरं वाटलं होतं. या वेळी फक्त ‘माल हलका निघाला’. मग जास्त महाग डिस्क.

चुकीचं काम लगेच उघडं पडलं असतं तर हा प्रकार कधीच संपला असता. ते काही महिने बरोबर ठरतं, म्हणून टिकून आहे.

बहादरपूरच्या बाजूचे एक शिक्षक आहेत. सात वर्षांची हॅचबॅक, एका हाताची, जपलेली. अडीच वर्षांत त्यांनी दोनदा पुढच्या डिस्कची जोडी बदलली, तीनदा पॅड, आणि मधे एकदा लेथवर डिस्कला कट मारून आणला. सगळं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, जिथे बसायला सोफा आणि कॉफीचं मशीन आहे. सगळी बिलं त्यांनी फाइलला लावून ठेवली होती, शिक्षकच ते. मी बेरीज केली तेव्हा सतरा हजारांच्या वर गेली. एकाही बिलावर ‘लोअर आर्म तपासला’ अशी ओळ नव्हती.

त्यांच्या गाडीला मी पाऊण तास दिला. पहिली दहा मिनिटं गाडी चालवली. थरथर हातात येते की पायात, ते बघायला. पॅडलवर पायाला ठोके जास्त जाणवले तर डिस्कचा संशय घट्ट होतो. इथे पॅडल बरंचसं शांत होतं, स्टिअरिंग नाचत होतं. मग पोराला आत बसवलं, गाडी एक-दोन फूट पुढे, ब्रेक; मागे, ब्रेक. मी बाजूला उकिडवा बसून मडगार्डच्या कमानीत चाक बघत होतो. डावं चाक दर ब्रेकला बोटभर मागे सरकत होतं आणि ‘टक्’ असा आवाज. मग पिटवर घेऊन आर्मला पहार लावली. रबर नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं. उजवं अजून धरून होतं, पण भेगा पडलेल्या. डायल गेज लावून डिस्कही बघितली. थोडा फरक होता, टाकून देण्याजोगा नव्हता.

दोन्ही बाजूचे मागचे बुश धुळ्याहून कालीपिलीत मागवले. प्रेसवर जुने काढले, नवे बसवले, हब घासले, अलाइनमेंट करायला पाठवली. पार्ट आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत. सरांनी त्यातला एकही रुपया कमी करा म्हटलं नाही. अडले ते शेवटच्या ओळीवर : तपासणी, ३००. ‘तुम्ही काम केलंच ना? मग बघायचे वेगळे कशाला?’

सतरा हजार त्यांनी वस्तूंचे दिले होते, ज्या लागत नव्हत्या. तीनशे त्या एकाच कामाचे होते, जे अडीच वर्षं कुणी केलं नव्हतं. सर माणूस चांगले, देऊन गेले. पण चेहरा असा, जणू वर्गणी घेतली.

यावर लोक मला विचारतात, तू काय डॉक्टर आहेस का तपासणी फी घ्यायला. विचारतात टोमणा म्हणून, पण उदाहरण माझ्या बाजूचंच आहे. डॉक्टरनं नाडी बघून, पोट दाबून ‘काही नाही, दोन दिवस ताक-भात खा’ म्हटलं, तर गावाकडे त्याच्या फीबद्दलही बाहेर येऊन कुरकुर होते. सुई टोचली नाही म्हणजे केलं काय? म्हणून सलाइन लागते. अंगात कणकण असली की बाकावर आडवं करून बाटली लटकवायची, बाटली दिसते, थेंब मोजता येतात, पैसे फिटल्यासारखे वाटतात. माझ्या धंद्यातली डिस्क म्हणजे तीच सलाइनची बाटली. चकचकीत, खोक्यातली, वजनदार. फाटलेला बुश मुठीएवढा, काळा, तेलकट. त्याला बघून कुणाच्या मनाला समाधान वाटणार?

नजरेला किंमत द्यायची आपल्या लोकांना रीतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथ निघतो. एवढ्या प्रचंड लाकडी रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. चाकाखाली मोगरी घालून तो वळवतात आणि थांबवतात. मोगरी लावणारा माणूस चाकापासून हातभर अंतरावर वाकून चालत असतो, त्याचं सगळं काम चाकाकडे बघत राहण्याचं. कधी घालायची, किती तिरकी घालायची, हे त्याच्या डोळ्यात असतं. त्याला गाव मान देतं, आणि त्यानं रथात नवीन काय टाकलं असं कुणी विचारत नाही.

आता गिऱ्हाइकांना सोडून वरच्या मजल्यावर येऊ. मोठ्या वर्कशॉपच्या बिलात दोन रकाने असतात, पार्ट आणि लेबर. लेबरही कुठल्या पार्टचं, ते ठरलेलं. बघण्याचा रकानाच नाही. जो मुलगा चाक काढून अर्धा तास विचार करतो, तो त्या हिशेबात रिकामा बसलेला असतो. जो मुलगा अर्ध्या तासात डिस्क बदलून गाडी बाहेर काढतो, तो कामाचा. मग हुशार मुलगासुद्धा काय शिकणार? त्यात काही मॉडेलचा बुश कंपनी सुटा देतच नाही, अख्खा आर्म घ्या म्हणते. बॉल जॉइंटही गेला असेल तर अख्खा आर्म घेणं शहाणपणाचं, मीही तेच सांगतो. पण नुसतं रबर फाटलं म्हणून लोखंड भंगारात घालायचं, हे माझ्या हाताला पटत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ दिले जात नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत, असा ठपका होता. प्रकरण अपिलात गेलं. पुढे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. चांगलं आहे. पण लोअर आर्मचा बोल्ट किती टॉर्कला आवळायचा, हा आकडा मला आजही कुणीतरी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या, तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधूनच मिळतो. दिल्लीत हक्क मिळाला आणि पारोळ्यात माहिती मिळाली नाही, तर पाना कुणाच्या भरवशावर फिरवायचा?

आणि हो, रस्ता. रस्त्याचं नाव न घेता हा विषय संपवला तर खानदेशातले लोक मला माफ करणार नाहीत. आपल्या गावावरून हजिरा-कोलकाता हायवे जातो. जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. फागणे ते तरसोद चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं की त्यात शाळेत जाणारी पोरं लग्नाला आली. डायव्हर्जन, भराव, खडी, पुन्हा डायव्हर्जन. आत गावांत वळलं की स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा देऊन, म्हणजे ताशी पंचवीसनं गाडी त्यावरून आरामात जावी. आपल्याकडचा ब्रेकर म्हणजे रस्त्यावर आडवं निजलेलं माणूस. कापसाच्या हंगामात वर भरलेल्या पिकअप त्यावर आदळतात तेव्हा आवाज माझ्या गॅरेजपर्यंत येतो. वर मे महिन्यातला चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा पारा. उष्णतेनं रबर कडक होतं, मग तडकतं.

हे सगळं खरं. पण ‘रोडच तसा आहे’ हे वाक्य मी आता गॅरेजात बोलू देत नाही. रस्त्यानं बुश लवकर फाटतो एवढंच त्यातून सिद्ध होतं. फाटलेला बुश अडीच वर्षं कुणाला दिसला नाही, याला रस्ता काय करणार? उलट रस्ता असा आहे हे माहीत असताना दर वर्षी एकदा आर्म बघून घ्यायला नको का? सरकारही बघत नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. तोपर्यंत फिटनेस तपासणी नाही. पीयूसी दर वर्षी काढता, पण ते नळीतला धूर बघतं, चाक कशाला टांगलं आहे ते बघत नाही. मागचा बुश पूर्ण सुटलेल्या गाडीला जोरात ब्रेक मारला, की चाकाची दिशा बदलते आणि गाडी एका अंगाला ओढते. चौपदरी रस्त्यावर, शेजारून केळीचा ट्रक जात असताना, एका अंगाला ओढली जाणं म्हणजे काय, ते लिहून सांगायला नको.

माझ्या विरुद्धचा खरा मुद्दा वेगळाच आहे. मेकॅनिक फसवतात. तीनशे रुपये घेऊन बोनेट उघडून बंद करतील आणि म्हणतील, बघितलं. हा मुद्दा मला मान्य आहे. असे आहेत, आणि दूर कुठे नाहीत. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : बघणं दाखवायला लावा. पिटमध्ये स्वतः उतरा, कपडे मळतील. पहार लावून आर्म हलवून दाखवायला सांगा, हलत असेल तर मोबाइलवर शूट करा. पुढेमागे ब्रेक मारताना चाक बाजूनं बघा. हे तर मेकॅनिकशिवायही जमतं, घराच्या अंगणात, एक भाऊ आत बसवून. फक्त चाकाच्या समोर किंवा मागे उभं राहू नका. डिस्क खराब म्हटलं तर विचारा, किती खराब, कशानं मोजलं. काढलेला पार्ट परत मागा. जो बघतो त्याला हे प्रश्न आवडतात.

आणखी एक तडजोड लोक सुचवतात : काम निघालं तर बघायचे पैसे बिलातून वजा कर. ऐकायला रास्त वाटतं, मोठमोठी गॅरेजं तसं करतातही. मी करत नाही, आणि हट्टानं करत नाही. वजा करायचे म्हणजे काम निघाल्यावर माझं बघणं फुकट गेलं. ते पैसे मी कुठून काढणार? पार्टमधून. मग मला पार्ट निघायला हवा. एकदा का माझं पोट ‘निघण्या’वर आलं, की माझ्या डोळ्यांवर तुम्ही विश्वास ठेवू नये. ‘काही झालेलं नाही, जा’ या वाक्याला आणि ‘दोन्ही बुश गेले’ या वाक्याला एकच किंमत असली पाहिजे. तरच मी दोन्ही वाक्यं सारख्याच मोकळेपणानं बोलू शकतो.

परवडत नाही म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. रिक्षावाले, दूधवाले, त्यांचं मी बघतो आणि हिशेब मागे-पुढे करतो. ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. माझं भांडण त्यांच्याशी आहे जे फोनवर साडेचारशेचं टेम्पर्ड ग्लास टाकून येतात आणि गाडीचं चाक कशानं धरलंय हे बघायला तीनशे म्हटलं की गॅरेज बदलतात.

बघण्यात जे काम येतं, त्यातलं पुष्कळसं दिसतच नाही. बुश बसवल्यावर आर्मचा मोठा बोल्ट आवळायचा असतो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळला तर काम पटकन होतं. पण रबर दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं असतं. त्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसता हातानं लावायचा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग पिटमध्ये आडवं होऊन, वाकडा हात घालून, टॉर्क रेंचनं आवळायचा. वीस मिनिटं जास्त. गिऱ्हाईक तेव्हा चहा प्यायला गेलेलं असतं. केलं काय, न केलं काय, त्या दिवशी गाडी सारखीच चालते.

माझ्याकडे एक पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा, तामसवाडीकडचा. आयटीआय अर्धवट. त्याला हे मी एकदाच सांगितलं. दुसऱ्या वेळी मी नसताना त्यानं गाडी खाली उतरवूनच बोल्ट आवळला. मला कसं कळलं, तर पिटमध्ये त्याच्या पाठीचा घामाचा ठसा होता. त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. लिंक रॉडचा आवाज आणि बुशचा आवाज तो डोळे मिटून वेगळे सांगतो. तपासणीच्या दर तीनशेतले दीडशे त्याचे, असा आमचा करार आहे.

त्याचा मामेभाऊ सुरतेला आहे, साडीच्या कारखान्यात. तिथे येतोस का म्हणून दिवाळीपासून मागे लागला आहे. पगार ठरलेला, खोली तिघांत. मागच्या महिन्यात आमच्याकडे तपासणीच्या अकराच गाड्या झाल्या, म्हणजे त्याच्या वाट्याला साडेसोळाशे. डिस्क बदलायला मात्र हायवेच्या पलीकडच्या दुकानात रोज एक तरी गाडी उभी असते, ती आम्ही इथून बघतो. आखाजीपर्यंत थांबतो म्हणाला आहे.